शुक्रवारची सही

अण्णा गेले ते मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास. पतपेढीच्या कागदावर त्यांची शेवटची सही आहे ती त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची. म्हणजे मेल्यानंतर तिसऱ्या दिवशी माणसानं सही केली, आणि त्या सहीखाली साक्षीदार म्हणून ज्या शहाण्यानं आपलं नाव लिहिलं तो मी.

मी शिंपी. माझं दुकान अण्णांच्या पिठाच्या गिरणीच्या बरोबर समोर, मध्ये एक ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता. काळं कापड शिवायला घेतलं की दुपारपर्यंत ते करडं व्हायचं आणि मी रस्त्यापलीकडे ओरडायचो. तिकडून ताई ओरडायची, "दादा, झटकून घ्या, पिठाचे पैसे लावत नाही!" ताई म्हणजे अण्णांची मुलगी, तिन्ही भावंडांत मोठी. वय त्रेचाळीस. भुवयांवर कायम पीठ, त्यामुळे चोविसाव्या वर्षीच म्हातारी दिसायची आणि आता त्रेचाळिसाव्या वर्षीही तेवढीच म्हातारी दिसते. गावात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. लहान पोरं ताई म्हणतात, त्यांचे आजोबाही ताईच म्हणतात.

गिरणी कशी चालवायची असते ते मला तिच्याकडे बघून कळलं. पीठ पडायला लागलं की ती तळहात खाली धरायची. पीठ जास्त गरम लागलं तर दगड एकमेकांना घासतायत, मग स्क्रूचा एक आटा फिरवून वरचा दगड उचलायचा. वास आला तर पीठ जळायला लागलंय, मोटार बंद. पंधरा दिवसांतून एकदा दगड उलटा करून छिन्नी-हातोडीनं त्याला टाकी लावायची, ते काम बाई करते हे बघायला बाहेरगावची माणसं थांबायची. कुणाचा डबा कुठला हे तिला झाकणावरून कळायचं. रांगेत घुसणाऱ्याला ती कधी रागवायची नाही, फक्त त्याचा डबा उचलून शेवटी नेऊन ठेवायची.

अण्णांचा हात गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. मोटारीचा पट्टा घसरत होता आणि अण्णांना मोटार बंद करण्याचा कंटाळा. चालत्या पट्ट्याला हातानं ढकलायला गेले आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. त्या वर्षी ताईचं लग्न ठरलेलं होतं. बाप इस्पितळात, दोघे भाऊ शाळेत, आई आधीच गेलेली. गिरणी बंद ठेवली तर खायचं काय? तिनं मोटार सुरू केली. मुलाकडच्यांनी सहा महिने वाट बघितली, मग त्यांनी दुसरीकडे जमवलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि अण्णांनी कधी विचारलं नाही.

आता सहीचं सांगतो. अण्णा सातवी शिकलेले आणि त्यांना आपल्या सहीचा भारी अभिमान. पहिलं अक्षर आकड्यासारखं मोठं, मग बारीक बारीक, शेवटी दोन टिंबं आणि खाली एक झोकदार रेघ. हात गेल्यावर पहिल्यांदा पतपेढीत पैसे काढायला गेले तर तिथल्या कारकुनानं शाईचा डबा पुढे केला. अण्णा भडकले. "मी काय अंगठेबहाद्दर आहे?" म्हणाले आणि पैसे न काढता परत आले. घरी येऊन त्यांनी ताईला समोर बसवलं. आठ दिवस ती पत्र्यावर सांडलेल्या पिठात बोटानं बापाची सही गिरवत होती. "रेघ लांब घे," अण्णा म्हणायचे. "घाबरल्यासारखी काय काढतेस?" नवव्या दिवशी तिनं कागदावर केली. मी तिथंच होतो. अण्णांनी ती सही उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली आली."

त्या दिवसापासून अण्णांची सही म्हणजे ताईचा हात. सगळ्या गावाला माहीत. शाळेतल्या मुख्याध्यापकांना माहीत, वीजबिलवाल्याला माहीत, आणि पतपेढीच्या वसुलीवाल्याला तर पक्कं माहीत. ह्या वसुलीवाल्याला आम्ही पाठीमागे दंडव्याज म्हणतो, तोंडावर साहेब. तो फटफटीवरून यायचा, कागद डब्याच्या झाकणावर ठेवायचा आणि हसत म्हणायचा, "अण्णा, तुमच्या हाताला जरा बोलवा." अण्णा खाटेवरून मान हलवायचे, ताई हात फडक्याला पुसून सही करायची, आणि मग साक्षीदार पाहिजे म्हणून रस्त्यापलीकडून मला हाक. मी गळ्यात टेप तसाच ठेवून जायचो, सही ठोकायचो, चहा प्यायचो, परत. एकोणीस वर्षांत मी एक कागदही वाचला नाही. शिंप्याला कापड कळतं, कागद कळत नाही, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचो.

कर्ज कसं वाढलं तेही सांगितलं पाहिजे, कारण आता जो तो म्हणतो ताईनं उधळलं. पहिलं कर्ज मोठ्या मोटारीचं. ते फिटत आलं तेव्हा थोरल्या भावाला टेम्पो हवा झाला. टेम्पो दोन वर्षं चालला, तिसऱ्या वर्षी ओढ्यात गेला, हप्ते मात्र अण्णांच्या नावावर कोरडे ठणठणीत राहिले. मग धाकट्याचं कॉलेज, धाकट्याची शहरातली खोली, धाकट्याचं दुकान. दर वर्षी मार्च महिन्यात दंडव्याज यायचा आणि नवं-जुनं करून जायचा. म्हणजे जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडल्याचं दाखवायचं आणि नव्या कागदावर सही घ्यायची. गिरणी गहाण नव्हती. अण्णांची पत होती, तेवढ्यावर चालायचं. ताई पहाटे मोटार सुरू करायची ती दिवेलागणीपर्यंत, आणि त्यातलं निम्मं व्याजात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ना, तसं. फक्त इथं आंधळं कुणीच नव्हतं, तिला सगळं दिसत होतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा आजारी पडले तेव्हा त्यांनी मला आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरला गिरणीच्या मागच्या खोलीत बोलावलं. मोटार बंद होती. अण्णा मोठ्यानं बोलले, एकेक शब्द सुटा: "गिरणी आणि ह्या दोन खोल्या ताईच्या. जमिनीचा तुकडा आहे तो दोघा पोरांनी वाटून घ्यावा. तिनं हे सगळं तगवलं, तिचं तिला मिळालं पाहिजे." कंपाउंडरनं लिहून घेतलं. सहीची वेळ आली तेव्हा मला कुठून कोण जाणे, पण एकदाच अक्कल सुचली. मी म्हणालो, "अण्णा, ह्यावर तुमचा अंगठा असू द्या."

अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. "जन्मभर सही केली आणि मरताना अंगठा देऊ? ताई, घे पेन."

ताईनं घेतला. स्वतःला गिरणी देणाऱ्या कागदावर तिनं बापाच्या नावानं स्वतःच्या हातानं सही केली, आणि आम्ही दोघा अकलेच्या कांद्यांनी खाली साक्ष घातली. कंपाउंडर पुढच्याच पावसाळ्यात गेला. राहिलो मी.

मंगळवारी अण्णा गेले. बुधवारी दंडव्याज भेटायला आला, डोळे पुसले, "आधार गेला" म्हणाला. हे नीट लक्षात ठेवा, बुधवारी तो येऊन गेला होता. शुक्रवारी घर माणसांनी भरलेलं, दोघे भाऊ पडवीत, आणि ताई गिरणीत. कारण मंगळवारपासून एकवीस डबे तसेच पडून होते आणि लोकांच्या घरात पीठ संपलं होतं. कुणी तिला उठ म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. ती उठून गेली आणि तिनं मोटार लावली. मला तो आवाज ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

फटफटी आली. मार्चची शेवटची तारीख होती. दंडव्याजानं कागद झाकणावर ठेवला. ताईनं फडक्याला हात पुसला. मला हाक आली. मी गळ्यात टेप घेऊन गेलो. तिनं आकड्यासारखं पहिलं अक्षर काढलं, दोन टिंबं दिली, रेघ ओढली. मी खाली सही केली. दंडव्याजानं कागद घडी करून खिशात घातला आणि गेला.

मी परत येऊन मशीनवर बसलो, एक बाही पुरती जोडली आणि मग ध्यानात आलं, अण्णा तर मंगळवारीच गेले. बाहेर पळत आलो तर रस्त्यावर फक्त धूळ. गिरणीत गेलो. ताई पिठाखाली हात धरून उभी होती.

"ताई, आपण काय केलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिलाही कळलं. तिनं मोटार बंद केली. "त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "तो परवा येऊन माझ्यासमोर रडून गेला, दादा."

"घाईत विसरला असेल."

"तो व्याज कधी विसरलाय?"

त्यानंतर दहा-बारा दिवस काहीच झालं नाही, आणि तेच वाईट होतं. दंडव्याज रस्त्यावरून जायचा, हात वर करायचा, थांबायचा मात्र नाही. पाहुणे पांगले. थोरला भाऊ शहरात परत जायच्या ऐवजी राहिला. सकाळी गिरणीत येऊन भिंतीला टेकून उभा राहायचा. किती डबे झाले ते बोटांवर मोजायचा, दगडावर हात फिरवून बघायचा. "ही मोटार नवी घेतली तर किती पडेल गं ताई?" असं सहज विचारायचा. धाकटा बापाच्या खाटेवर बसून रडायचा. ते रडणं खरं होतं, पण त्याच्यानं दुसरं काही होईना.

मग ताईनं कपाटातून मृत्युपत्र काढून भावांसमोर ठेवलं. थोरल्यानं वाचलं. सहीवर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून म्हणाला, "ही कुणी केली?"

"मी. अण्णांनी सांगितलं म्हणून. तुला माहीत नाही होय? तुझ्या टेम्पोच्या कागदावरची कुणी केली होती?"

"तेच म्हणतोय," थोरला म्हणाला. त्यानं खिशातून एक झेरॉक्स काढून मृत्युपत्राशेजारी ठेवली. शुक्रवारचा कागद. "सगळ्या तुझ्याच आहेत म्हणायच्या. टेम्पोची तुझी, कॉलेजची तुझी, अण्णा गेल्यावर केलेली तर तुझीच. मग कर्जही तुझंच झालं की, ताई. आणि हे मृत्युपत्र अण्णांचं नाही, म्हणजे गिरणी तिघांची."

गिरणी भावांना आणि सह्या बहिणीला! एवढं बिनचूक कापलेलं कापड मी तीस वर्षांत पाहिलं नाही. ताईनं हे मला गिरणीच्या दारात उभं राहून सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीचाच होता, पण फडकं हातात घेऊन ती कोरडेच हात पुसत होती.

आम्ही वकिलाकडे गेलो. जिना चढून वर एक अंधारी खोली, फायलींचे ढीग, आणि पंख्याखाली बसलेला तरुण वकील. माणूस बरा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुसऱ्यानं सही केली तरी चालतं हो. पण तसं कागदावर लिहायला हवं होतं, की अमक्याच्या सांगण्यावरून, त्याच्यासमोर, अमकीनं केली. एक ओळ. एवढी एक ओळ असती तर कुणी तुमच्या वाटेला गेलं नसतं." मग माझ्याकडे वळला. "आता सगळं ह्यांच्यावर आहे. ह्यांनी सांगितलं की वडिलांनी दर वेळी समोर बसून सांगितलं, तर गिरणी वाचू शकते. शुक्रवारचं मात्र तुम्हाला दोघांना निस्तरावं लागेल."

"सांगणार," मी म्हणालो. "का नाही सांगणार? माझ्या कानांनी ऐकलंय." मला तेव्हा स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला.

वकिलानं ताईपुढे वकीलपत्र ठेवलं. "इथं सही करा. तुमची." तिनं पेन टेकवला आणि थांबली. एवढ्या वर्षांत तिला स्वतःची सही कधी लागलीच नव्हती. शेवटी तिनं शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर जोडून आपलं नाव लिहिलं, वर रेघ दिली, आणि वकिलाला विचारलं, "चालेल का?" येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी काहीतरी विनोद केला. ती हसली, माझं मन राखायला.

चार दिवसांनी थोरला माझ्या दुकानात आला. हातात पँट होती. "कमरेत सैल झालीय, दादा. बाप गेल्यावर माणूस सुकतो." मी माप घ्यायला वाकलो. तो वरून बोलत होता, अगदी हळू.

"शुक्रवारी साक्षीदार तुम्हीच ना?"

मी टेप तसाच धरून राहिलो.

"मेलेला माणूस तुमच्यासमोर सही करून गेला, असं तुम्ही लिहून दिलंय. ह्याला काय म्हणतात माहितीय? मी म्हणत नाही, साहेब म्हणतात. दुकान तुमचं स्वतःचं की भाड्याचं?"

"स्वतःचं."

"पोरीचं लग्न व्हायचंय अजून. हे बघा, ताई माझी बहीण आहे. तिला काही होऊ नये असं मलाही वाटतं. पेढीत सोमवारी बसायचंय. तुम्ही एवढंच सांगा, सह्या ताईनं केल्या. खोटं आहे का? खरंच आहे. अण्णा काय बोलले, काय नाही, ते तुमच्या कानावर आलं नाही. मशीन चालू असतं तुमचं. मग शुक्रवारचा कागद साहेब फाडतात. ताईही सुटली, तुम्हीही सुटलात." दारात वळून म्हणाला, "पँट उद्या मिळेल ना?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी ऐकून होतो. माप घेताना इतकी जवळून पाहिली नव्हती. तो गेल्यावर मी त्याला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की विचारू नका. आणि शिव्या घालता घालता त्याची पँट उसवायला घेतली. त्या रात्री मला झोप आली नाही, पण सकाळपर्यंत मी स्वतःला पटवून दिलं होतं की हे ताईच्याच भल्याचं आहे. गिरणी गेली तर गेली, तुरुंग तरी टळेल. घाबरलेला माणूस किती हुशार होतो!

सोमवारी पतपेढीच्या वरच्या खोलीत सगळे बसलो. लांब टेबल, काच फुटलेली, काचेखाली जुन्या कॅलेंडरचं पान. मॅनेजर मध्ये, दंडव्याज त्याच्या शेजारी वही उघडून, एका बाजूला दोघे भाऊ, समोर ताई आणि मी. वकील ताईला म्हणाला होता, कोर्टात जाण्याआधी पेढीचं काय म्हणणं आहे ते ऐकून या, साक्षीदार बरोबर न्या. म्हणून ती मला बरोबर घेऊन आली होती. बसचं माझं तिकीटही तिनंच काढलं.

मॅनेजरनं गठ्ठा पुढे केला. "ह्या सह्या कुणी केल्या?"

"ताईनं," मी म्हणालो.

"तुमच्यासमोर?"

"हो."

"वडिलांनी सांगितल्यावरून?"

ताई माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या काचेकडे बघत होती. तिला उत्तर माहीत होतं, म्हणून ती निवांत होती. ते मला अजून दिसतं.

"माझं मशीन चालू असतं," मी म्हणालो. "मला काही ऐकू यायचं नाही. कागद समोर यायचा, मी सही करायचो."

"आणि हे मृत्युपत्र?"

"तेही तसंच."

मागच्या खोलीत कुठलं आलंय मशीन! त्या खोलीत एक खाट आणि एक कपाट. हे ताईला माहीत, थोरल्याला माहीत, रडक्या धाकट्याला माहीत. धाकट्यानं तोंड उघडलं आणि थोरल्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तसं मिटलं.

मॅनेजरनं ताईला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

तिनं आता माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला वाटतं, माझा चेहरा बघून तिला माझी कीव आली. "दादा सांगतात ते बरोबर असेल," ती म्हणाली. "त्यांच्या मशीनचा आवाज फार असतो."

माझं म्हणणं मॅनेजरनं लिहून घेतलं: साक्षीदारानं न बघता, न ऐकता, विश्वासानं सह्या केल्या. माझी त्यावर सही घेतली, आणि मी मोकळा झालो. मग त्यांनी ताईपुढे अटी ठेवल्या. पावणेचार लाखांचं कर्ज तिनं स्वतःच्या नावावर घ्यायचं, तीस तारखेच्या आत, एक जामीनदार देऊन. जामीनदार नाही मिळाला तर पेढी शुक्रवारच्या कागदावर फिर्याद करणार. "आणि कागद?" मी विचारलं. "फाडणार होता ना?" मॅनेजर म्हणाला, "कसला कागद फाडणार? तो तिजोरीत आहे." दंडव्याज वहीत काहीतरी लिहीत होता, त्यानं मान वर केली नाही. थोरल्यानं खिडकीबाहेर बघितलं.

"गिरणी मला चालवू दे," ताई भावाला म्हणाली. "मालकी तुमची. पगार द्या, त्यातून हप्ता फेडीन."

"ठरलंय गं आता," थोरला म्हणाला. "साहेबांचा मेहुणा घेतोय. पुढच्या महिन्यात."

जिना उतरताना मी तिला म्हणालो, ताई, माझा नाइलाज होता. ती म्हणाली, "जपून उतरा दादा, पायरी मोडलीय."

त्यानंतर ती रोज मोटार लावत होती. लोक पीठ न्यायला येत होते, पण कमी बोलत होते. जामीनदारासाठी ती कुणाकुणाकडे जाऊन आली ते मला दुकानातून दिसायचं: मुख्याध्यापकांकडे, आटाचक्कीचे दगड विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे, ज्यांचं पीठ एकोणीस वर्षं उधार दळलं त्यांच्याकडे. सगळ्यांनी चहा पाजला. पंचवीस तारखेला ती रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. हातात पेढीचा फॉर्म.

माझी बायको माझ्या शेजारीच बसून शर्टाला काजं करत होती. ताई म्हणाली, "वहिनी, बसा, उठू नका." मग मला म्हणाली, "दादा, जामीनदार लागतो म्हणतात. मी शेजारच्या गावातल्या गिरणीत बोलून आलेय, पगार देतायत. हप्ता चुकवणार नाही. तुम्ही व्हाल का?"

तिनं मागचं काही काढलं नाही. तिचा तो हक्क होता, आणि तिनं तो वापरला नाही.

मी फॉर्म हातात घेतला. 'जामीनदाराची मिळकत' अशी ओळ होती. मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

बायकोनं दोरा दातानं तोडला. "विचारा की," ती म्हणाली. "मी इथंच आहे."

मी कात्री उचलली. खाली ठेवली. किती वेळ गेला सांगता येत नाही. दोघी माझ्याकडे बघत होत्या. शेवटी ताईच म्हणाली, "राहू दे वहिनी, त्यांना विचार करू द्या. फॉर्म इथंच ठेवते." आणि गेली, कारण गिरणीत डबे थांबले होते.

तेव्हापासून बायको माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, काजं करते, पण बोलत नाही. फॉर्म माझ्या टेबलावर कापडाखाली आहे. रोज सकाळी मी ठरवत होतो की आज जाऊन सही करून येतो. रोज कुणीतरी गिऱ्हाईक यायचं. परवा तीस तारीख झाली.

आज सकाळी नऊ वाजता गिरणीसमोर पोलिसांची जीप उभी राहिली. आतून तिघे उतरले. मोटारीचा आवाज थांबला. मी दुकानाचं एक दार लावून घेतलं आणि आतल्या बाजूला हे लिहायला बसलो, की ताई कशी आहे, तिनं काय केलं आणि काय केलं नाही, ते कुठंतरी खरं लिहिलेलं असावं. फटीतून दिसतं. रस्त्यावर माणसं जमलीत, पण सगळी आपापल्या दारात. ताई बाहेर आलीय. एकेक डबा उचलून ओट्यावर ठेवतेय, ज्याचा त्याला नीट सापडावा म्हणून, आणि ते तिघे घड्याळ बघत उभे आहेत.

बायकोनं हातातला शर्ट बाजूला ठेवला, चपला घातल्या, दुसरं दार ढकलून रस्ता ओलांडला आणि ताईजवळ जाऊन उभी राहिली. जाताना तिनं मला चला म्हटलं नाही.